जॉबवरचं पोतं

आमच्या उद्यमनगरात अनोळखी माणूस शेडमध्ये शिरला की आधी हातातल्या जॉबवर, म्हणजे घडवत असलेल्या वस्तूवर, पोतं पडतं. मग तोंडभरून, "या पावणं, चा घेणार?" नवं काही बनवलं की झाकायचं, ही इथली रीतच. नाहीतर लगेच ते दुसऱ्याच्या शेडमध्ये दिसतं.

समोरच्या शेडमधला माझा दोस्त यात लई कडक. पण आम्हा दोघांत कधी पोतं पडलं नाही. रोज सकाळी लेथ बंद करून तो तिकडूनच बोंबलायचा, "हाईस का मेलास?" आणि माझ्या बाकावर येऊन चहा प्यायचा.

रोपवाटिकेत लावायला उसाच्या कांड्यांवरचे डोळे काढायचं, पायानं चालणारं यंत्र मी बनवलं. आणि त्याचं ड्रॉइंग मापांसकट कारागिरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून दिलं. कुणीही बनवा, सुधारा, फक्त सुधारलेलं परत ग्रुपवर टाका. इतकी वर्षं झाकून झाकून आमच्या धंद्याचं काय भलं झालं होतं, सांगा की!

"येडा हाईस काय?" दोस्त भडकला. "आज तू उघडं केलंस, उद्या लोक आमच्याकडं बी मागतील." चहा अर्धा टाकून तो उठला. पुन्हा आला नाही.

ड्रॉइंग मात्र लांब लांब पोचलं. शाहूवाडीच्या एकानं खालची स्प्रिंग वर नेऊन फोटो टाकला. मी करून बघितलं, तर पायाला जोर निम्मा लागायला लागला. आयला, काय डोकं! दाखवायला म्हणून मी बाकाकडं वळलो, तर बाक रिकामा. पूर्वी मापं विचारायला लोक शेडवर यायचे, गप्पा मारायचे, तेही थांबले. सगळं मोबाईलवरच मिळतं म्हटल्यावर कशाला येतील? हात जोडलेली चित्रं येतात ढिगानं. त्यांना काय चहा पाजू? सरळ सांगतो, मला करमत नव्हतं.

शेवटी म्हटलं, खड्ड्यात गेला मान. गाड्यावरून दोन चहा घेतले आणि मीच रस्ता ओलांडला.

तो वाकून बोल्ट आवळत होता. जॉब बघितला आणि जीव हरखला. माझंच यंत्र, आणि स्प्रिंग वर नेलेली! हाक मारणार, तोच त्यानं मान वर केली. मला बघितलं. शेजारचं पोतं ओढून यंत्रावर टाकलं.

"या पावणं," तो म्हणाला, "चा घेणार?"

दोन्ही ग्लास माझ्याच हातात होते.