झोडणीचा हात
मुरबाडजवळच्या गोल्फ मैदानावर तो गवत कापायचा. निवृत्तीनंतर मी तिथे खेळ शिकायला जाऊ लागलो. टीव्हीवर पाहून उचललेला स्विंग माझ्या कमरेला मानवेना. गवताचं यंत्र थांबवून तो गंभीरपणे विचारायचा, "काका, चेंडूनं तुमचं काय बिघडवलंय? लहानपणी भात झोडलाय ना? पेंढी खांद्यावरनं आणता तसा हात आणा. जोर नाय करायचा, दाणं उडतात."

दोन महिन्यांत माझा चेंडू सरळ जाऊ लागला. मैदानावर नवशिक्यांना शिकवायला माणूस हवा होता. "माझ्यासाठी शब्द टाका," एवढंच त्यानं मागितलं होतं.

एकदा मॅनेजरनं चारचौघांत माझा फटका पाहून विचारलं, "कुणाकडे शिकलात?" गवत कापणाऱ्याकडे, असं सांगायची मला लाज वाटली. "पुस्तकातून," मी म्हणालो. तो दहा पावलांवर उभा होता.

ती जागा दुसऱ्याला मिळाली. पुढच्या रविवारी माझे तीन फटके वाकडे गेले, तेव्हा मी आशेनं त्याच्याकडे पाहिलं.

त्यानं यंत्र थांबवलं आणि अदबीनं म्हणाला, "काका, पान उलटा. पुढं लिवलं असंल."