काठी वाकली नाही

दिघीच्या कोळीवाड्यात निकेतच्या धंद्याचं नाव कोणाला धड सांगता येत नाही. त्याची आई नीराबाई मासळीबाजारात सांगते, "पोर कॉम्प्युटरवर बाहुल्या काढतो, आन् पुन्यावाले त्येचा पगार देतात." बाहुल्या म्हणजे गेममधली माणसं. राक्षस, चेटकिणी, शिपाई. एकजात सगळ्यांचे दंड भरदार. निकेतचे स्वतःचे दंड असे, की जाळं ओढायला उभा केला तर जाळंच त्याला ओढून नेईल.

दिवाळी झाली आणि त्याच्याकडे एक नवीन शिपाई आला. देवीची शपथ घेऊन तिच्या नावानं लढणारा धर्मयोद्धा. निकेतनं त्याला पांढरं चिलखत चढवलं, डोक्यामागे तेजाचं वलय काढलं, हातात झेंडा दिला. पुण्यातली त्याची वरिष्ठ रचना ते चित्र बघून फोनवर म्हणाली, "अरे, हा तर वरातीला निघालेला नवरदेव वाटतोय. याला आतून काहीतरी सलू दे. शपथ मोडलेली असू दे."

"एखादा खून करवू का त्याच्याकडून?"

"खून सगळेच आणतात. बारीकसं पाप दे. पण झोप उडवणारं."

बारीकसं पाप शोधायला निकेतला लांब जावं लागलं नाही. खिडकीतून शेजारचं अंगण दिसत होतं आणि अंगणात तुळशीरामकाका बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घालत होते.

तुळशीरामकाका म्हणजे चैत्रातल्या जत्रेत देवीची काठी उचलणारे मानकरी. माडाएवढी उंच काठी, वर मोरपिसांचा तुरा, अंगभर रंगीत वस्त्रं. ती कमरेला टेकवून देवळापासून बंदरापर्यंत न्यायची. त्यासाठी आधी नऊ दिवस पाळणूक असते. पायांत चप्पल नाही, निजायला गादी नाही आणि तोंडात मासळी नाही. कोळ्याच्या घरात मासळी नाही म्हणजे काय ते मांजरांना विचारा. त्या नऊ दिवसांत काकांची दोन्ही मांजरं नीराबाईकडे मुक्कामाला येतात. पाळणूक मोडलीच, तर मानकऱ्यानं गावकीला सांगायचं आणि काठी दुसऱ्याच्या हातात द्यायची. अशी रीत. न सांगता उचलली, तर काठी वाकते म्हणतात.

आणि काकांची पाळणूक गेल्या चैत्रात मोडली होती. ही गोष्ट सबंध वाड्यात एकट्या निकेतला ठाऊक होती. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवल्या होत्या, काका जाळं शिवत बसले होते, निकेत नुसताच बसला होता. तेव्हा त्यांनी सांगितलं.

"म्हसळ्याचा व्यापारी आलता बोंबील घ्याया. बायकू घरात न्हाय. त्यो म्हनला, माल ओला हाय. मी शेपटी मोडली, दाताखाली धरली. कडक वाजली. म्हनलं, आयक. आन् गिळली. गिळल्यावर याद आली की पाळनूक हाय."

सुका बोंबील विकणाऱ्याचा हात आणि दात आपापलं काम करतात. त्यांना चैत्र कळत नाही.

"मग गावकीला सांगितलंत?"

"न्हाय. काठी उचलली." सुई जाळ्यातच थांबली. "वाकली असती तर बरं झालं असतं रं. सरळ गेली. देवीनं काय पन केलं न्हाय. त्येच खातंय मला. कोनाला बोलू नको हा पोरा."

"छे, काका."

त्या "छे"ला सहा महिनेही टिकता आलं नाही. निकेतनं शिपायाच्या भुवईवर काकांना गळ लागला होता त्याची खूण काढली. गालांना समुद्रावरचा रापलेला रंग दिला. कमरेला, चिलखताच्या पट्ट्यात, शेपूट तुटलेला सुका मासा खोचला. डोक्यामागचं तेज तसंच ठेवलं आणि खाली चार ओळी इंग्रजीत लिहिल्या: उपवासात सवयीनं घास गिळला, कोणाला सांगितलं नाही, झेंडा उचलला. तेज गेलं नाही, म्हणून याला झोप नाही.

रचनानं फोनवर विचारलं, "हे सुचलं कुठून तुला?"

"असंच," निकेत म्हणाला. त्या दिवशी नीराबाईनं वाढलेलं कालवण त्याला बेचव लागलं आणि त्याचा दोष त्यानं मिठाला दिला.

फाल्गुनात कंपनीनं चित्र बाहेर काढलं. वाड्याच्या ग्रुपवर ते पोचायला कितीसा वेळ लागणार? कमलेश नावाचा एक उत्साही प्राणी जत्रेच्या मंडपाचं बघतो. तो धावतच आला. "निकेतदादा, आपल्या काकांना तू पार हिरो केलास. बॅनर करतोय बंदरावर."

"कमलेश, नको रे. कंपनीची परवानगी लागते."

"जत्रा देवीची, परवानगी कंपनीची?"

बॅनर लागला. दोन माड उंच नाहीत, पण हौस तेवढीच. कमलेशनं खालच्या इंग्रजी ओळीही ठेवल्या, कारण त्यांनी बॅनरला वजन येतं. त्यांच्याखाली मराठीत "काठीचे मानकरी". आगरदांड्याहून फेरीबोट आली की उतरणारा प्रत्येक माणूस त्या चार ओळींखालून चालत जाई आणि कोणी वाचत नसे. निकेत मात्र रोज चक्कर मारी, एखादा वर बघत थांबला की त्याला बोलण्यात गुंतवी. काकांना जाऊन सांगावं म्हणून तीनदा त्यांच्या अंगणापर्यंत गेला. एकदा माचिस मागून परत आला.

काकांची सून सुचिता म्हसळ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवते. ती जत्रेसाठी आली, एसटीतून उतरली आणि बॅनरखाली उभं राहून तिनं चारही ओळी वाचल्या. मग पदर खोचून घरी गेली. निकेतनं हे लांबून बघितलं आणि घरात जाऊन कॉम्प्युटर सुरू केला. काढलं काहीच नाही.

संध्याकाळी देवळात गावकी बसली. पाळणूक सुरू होण्याआधी मानकऱ्याच्या हातात विडा द्यायचा असतो. गावकीचे प्रमुख अंबाजीबाबा यांनी विडा पुढे केला. तुळशीरामकाकांनी हात मागे घेतला.

"देऊ नका. गेल्या साली पाळनुकीत मी बोंबील खाल्ला. सांगितला न्हाय."

म्हाताऱ्या मनुबाईनं मागून विचारलं, "आख्खा का अर्धा?"

"शेपटी."

दोघंचौघं हसले. अंबाजीबाबा हसले नाहीत. "तोंडानं सांगितलंस, बरं झालं," ते म्हणाले आणि त्यांनी विडा शेजारी बसलेल्या गणराज नावाच्या तरुण कोळ्याच्या हातात दिला. निकेतचं नाव काकांनी काढलं नाही. निकेत खांबामागे उभा होता. एकदा त्यांनी तिकडे बघितलं आणि नजर काढून घेतली, एवढंच. तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी काका आपल्या मांजरांना शोधत नीराबाईकडे आले. पाळणूक आता दुसऱ्याची होती. नीराबाईनं काकांना आणि निकेतला भाकरी आणि भाजलेले बोंबील वाढले. काका सावकाश जेवले. मग म्हणाले, "तुझ्या त्या शिपायाचं फुडं काय व्हतं?"

"खेळणारा ठरवतो. कबूल करायचं, का गप्प राहायचं."

"कबूल केलं तर?"

"झेंडा जातो."

"आन् गप्प ऱ्हायला तर?"

निकेतनं ताटाकडे बघितलं. "ताकद वाढते, काका."

"बरोबर लिवलंस," काका म्हणाले. त्यांनी दुसरा बोंबील घेतला. शेपटी कडक वाजली.

निकेतच्या ताटाशेजारी फोन उजळला. रचनाचा निरोप होता: असाच आणखी एक दे.

"काका, माझं चुकलं," निकेत म्हणाला. "मी तुम्हाला..."

"आरं, एक बोंबीलच न्हाय रं," काका त्याचं ऐकून न घेता बोलले. हात पुसले, पाटावर सरकून बसले. "एका साली आमच्या होडीवर काय झालं, त्ये तर कोनालाच म्हाईत न्हाय. तुला सांगतो..."

"नको काका," निकेत म्हणाला. "मला सांगू नका."

काका उठले, निकेतच्या ताटातला न मोडलेला बोंबील उचलून मांजरांना टाकला आणि आपल्या अंगणात गेले.