फुकट दिलेली जागा

मासळीच्या धंद्यात मी कुणाच्या आधारानं उभी राहिले नाही. होडी धक्क्याला लागली की टोपल्यांकडे बघायचं, तोंड उघडायचं नाही. ज्याला घाई, तो आधी बोलतो आणि मार खातो. सुट्टीत माझ्या शेजारी उभी राहून लेक हेच शिकली.

सातवीत तिच्या सरांनी वर्गात एक ऑनलाइन खेळ आणला. चौघांचा गट, भरती चढायच्या आत खाडीवर पूल बांधायचा. कुणाकडे लाकूड, कुणाकडे दगड, कुणाकडे दोर. एकमेकांना देत गेलं तरच पूल होतो. लाकूड माझ्या लेकीकडे आलं. ती गप्प बसली. आधी त्यांना मागू दे, मग दोर आणि दगड दोन्ही काढून घेऊ, असा तिचा हिशेब. बाकीचे तिच्याकडे बघत राहिले, पाणी चढलं, पूल वाहून गेला.

सर सगळ्यांसमोर म्हणाले, "ही शाळा आहे, मासळीचा धक्का नाही."

वर्ग हसला. अलिबागच्या स्पर्धेला जाणाऱ्या गटातून लेकीला काढलं. ते हसणं मी ऐकलं नाही, तरी अजून कानात आहे.

दुसऱ्या दिवशी बाजार उरकून तशीच शाळेत गेले.

"सर, पोरीचं चुकलं काय?"

"चुकलं असं नाही, ताई. तिला मिळून काम करणं जमत नाही."

"तुमची मंडळी माझ्याकडं पापलेट घेतात, तेव्हा मिळून घेतात की घासाघीस करतात?"

शेजारच्या वर्गातल्या बाई पदर तोंडाला लावून आत वळल्या.

"तो व्यवहार झाला. हा खेळ आहे."

"मग व्यवहाराचंच बोलू. पोरांना अलिबागला माझ्या टेम्पोतून नेते. त्यात माझी लेक बसंल."

त्यांच्याकडे गाडीची सोय नव्हती, हे मी शिपायाकडून आधीच काढून घेतलं होतं. सरांनी चष्मा पुसला आणि हो म्हटलं.

घरी सांगितलं तर लेकीनं एवढंच विचारलं, "सरांना काय दिलंस?"

"टेम्पो."

ती दप्तर उचलून आत गेली.

स्पर्धेच्या सकाळी टेम्पो धुऊन फाटकाशी लावला. मुलं चढली. लेकीच्या जागी दुसरीच मुलगी बसली.

"तू का खाली?"

"जागा तिला दिली."

"तिनं मागितली?"

"नाय."

"मग बदल्यात काय घेतलंस?"

"काय नाय, आये. खेळ तसाच असतो."

सर मागून म्हणाले, "बघा ताई, शिकली की नाही." ते टोमणा मारत नव्हते. त्याचाच जास्त संताप आला.

अट माझ्या लेकीनंच मोडली होती, आणि चढलेल्या पोरांना उतरवायला माझी जीभ रेटेना. लोकांची मुलं वासानं नाकं दाबत, गाणी म्हणत निघाली. लेक फाटकात उभी राहून त्यांना हात हलवत होती. मी आरशात बघत होते. माझ्याकडे तिनं एकदाही बघितलं नाही.