आत्याआजीच्या इंग्रजीतलं भात

मंडळी, वीस वर्षं इंग्रजी शिकवतेय, पण आज गावी, धसईत, मीच विद्यार्थिनी झाले.

नव्वदी ओलांडलेल्या आत्याआजीने कॅलेंडरच्या मागे इंग्रजी शब्द लिहून दाखवले. कॉकाट्रिस, सिकाट्रिस... मीही पहिल्यांदाच पाहिले! तिची शाळा दुसरीपर्यंत.

"अगं, हे कुठे शिकलीस?"

"लढाईच्या टायमाला सरकार आमचं भात उचलून न्यायचं. कागद इंग्रजीत. बा बोलला, राइस तेवढा वळखायला शिक. कागदात दिसला की आमी भात लपवू."

मग ती शाळेतल्या मास्तरांच्या डिक्शनरीत आर-आय-सी-ई ही चारच अक्षरं शोधत बसायची; ज्या शब्दात सापडली, तो शब्द उतरवून घ्यायची. अर्थ एकाचाही माहीत नाही!

एकदा रॉकेलच्या भावाचा कागद आला. 'प्राइस'मध्येही तीच अक्षरं! अख्ख्या गावाने भात लपवलं.

मी हसत सुटले. तिने शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं. "गो, याचा अर्थ काय?"

अ‍ॅव्हरिस. "हाव," मी म्हटलं.

तिने त्यातल्या शेवटच्या चार अक्षरांवरून बोट फिरवलं. "म्हंजे आमचं भात कुठं गेलं, ते पुस्तकात आधीच लिवलेलं व्हतं."

हा शब्द मी दरवर्षी फळ्यावर लिहिते हो. त्यातलं भात मला कधीच दिसलं नाही. तुम्हाला दिसलं होतं?