पेडलमागचा बोल्ट

गॅरेजच्या गल्लीत त्याला सगळे दिवेवाला म्हणत. गाडीचा दिवा लागेनासा किंवा विझेनासा झाला, की लोक त्याच्याकडे येत. हात चांगला, तोंड फटकळ. पण रस्त्यात पुढे एखादी गाडी थांबली, की बोलणं अर्धवट सोडून तो तिच्या पाठीकडे बघत राहायचा. बायको म्हणायची, “माझ्याकडे असं कधी बघितलं नाहीत.” त्याला हसू यायचं नाही.

नऊ वर्षांपूर्वी एक बाई राखाडी गाडी घेऊन आली होती. ब्रेकचा दिवा विझतच नव्हता. रोज सकाळी बॅटरी मेलेली. मागच्या सीटवर आठ महिन्यांचं बाळ रडून रडून लालबुंद झालेलं. त्याने पेडलपाशी वाकून पाहिलं. पेडलमागचं प्लास्टिकचं बटण झिजून गळून पडलं होतं. पाय उचलला की हे बटण स्विचची दांडी दाबून धरतं आणि दिवा विझतो. बटणच नाही, तर विझणार कसा? नवं बटण संध्याकाळशिवाय मिळणार नव्हतं.

“भाऊ, तात्पुरतं काहीतरी करा ना. लांब जायचंय, ह्याने तर डोकं उठवलंय.”

त्याने त्या जागी एक बोल्ट बसवला. दिवा विझला. बाईचा जीव भांड्यात पडला. ती निघून गेली.

हत्यारं आवरताना, बसवायला म्हणून काढलेला आखूड बोल्ट त्याला टेबलावरच पडलेला दिसला. म्हणजे गाडीत गेला तो लांब! लांब बोल्ट दांडी फारच आत दाबून ठेवतो. मग पेडल पार खाली जाईपर्यंत दिवा लागत नाही, आणि पुढची गाडी थांबतेय हे मागच्याला कळत नाही. दिवा विझला एवढंच त्याने पाहिलं होतं. पेडल दाबल्यावर लागतो का, ते पाहिलंच नव्हतं. बाईचा फोन नंबरही घेतला नव्हता. स्कूटर काढून त्याने हायवे गाठला. गाडी केव्हाच गेली होती. नंबरच्या पाटीवरचे आकडे मात्र डोक्यात राहिले, आणि ते रडणं.

गेल्या महिन्यात बायकोसोबत जाताना तो जुना हेडलाइट बघायला भंगारवाल्याकडे शिरला आणि जागीच थिजला. एका राखाडी गाडीवर तीच पाटी. गुडघ्यांवर बसून त्याने पेडलमागे हात घातला. बोल्ट नव्हता. नवं बटण होतं.

“कुणीतरी बदललंय,” तो म्हणाला.

“मग सुटलात की!” बायको म्हणाली.

“पण कधी? आधी, की...” मागच्या दाराचा राखाडी रंग थोडा वेगळा होता, ठोकल्यानंतर नव्याने दिल्यासारखा.

“गाड्या बोलत नाहीत, मालक,” भंगारवाला म्हणाला. “घ्यायचंय का काही?”

बायकोने ते दार उघडलं. पुढच्या सीटच्या पाठीवर बॉलपेनने, वेड्यावाकड्या अक्षरात, नऊचा पाढा लिहिलेला होता. नऊ सत्ते बासष्ट.

“हे बघा! शाळेत जातंय तुमचं बाळ. गणितात ढ आहे, पण आहे.”

त्याने आकड्यांवरून अंगठा फिरवला. “आणि हे त्याच्या धाकट्या भावंडाचं असेल तर?”

बायकोचं हसू मावळलं. तो आत वाकून कुठे नाव लिहिलंय का ते शोधू लागला. पण त्या बाळाचं नाव त्याला तरी कुठे ठाऊक होतं?