झाडाच्या वतीनं

सौंसरच्या कॉलेजात इंग्रजीच्या सरांनी त्या दिवशी अपॉस्ट्रॉफी शिकवला. शब्दाच्या डोक्यावर लटकतो तो स्वल्पविराम नव्हे, त्याच नावाचा अलंकार. जो समोर नाही, जो मेला आहे किंवा ज्याला कानच नाहीत, त्याच्याशी तो ऐकतोय असं धरून बोलायचं. "उत्तर येत नसतं," सर म्हणाले. "आलं, तर तो अलंकार राहत नाही." मग एकेक उदाहरण लिहायला सांगितलं. सगळ्या वर्गानं चंद्राला हाका मारल्या. मला तोही सुचेना. मी लायब्ररीत पेन चावत बसले आणि आमच्या गावची, रामाकोन्याची बस निघून गेली.

बस गेल्यावर आठवलं. त्या संध्याकाळी झाडाला विचारायचं होतं.

ही आमच्या घरची रीत. संत्र्याचं एखादं झाड फळेनासं झालं की संक्रांतीनंतर, बहर यायच्या आधी, बाबा कुऱ्हाड घेऊन त्याच्यासमोर उभे राहतात. विचारतात, "तोडू का तुले?" झाडामागे लपलेल्या माणसानं झाडाच्या वतीनं म्हणायचं, "नोको तोडू, औंदा फळतो मी." उत्तर आलं नाही तर झाड खरंच तोडायचं. उत्तर द्यायचं काम मायचं होतं. ती गेली आणि ते माझ्याकडे आलं. त्या संध्याकाळी ज्याला विचारायचं होतं ते विहिरीजवळचं झाड तिनंच लावलेलं. ती गेल्यापासून त्याला एक फूल आलं नव्हतं. तिचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं, आणि मी अलंकार शोधत बसले होते. स्वतःचा इतका राग मला कधी आला नाही.

पुढच्या बसनं बागेत पोचले तेव्हा दिवस बुडत होता. वारा अजिबात नव्हता. झाड जागेवर होतं. बाबा विहिरीच्या काठावर कुऱ्हाडीचं पातं पुसत बसले होते.

"बरी वेळेवर येऊन उभी राहिली होती तू झाडामागं," ते म्हणाले. "पण आवाज काऊन बसला होता तुहा? तुह्या मायसारखा येऊन राहिला होता."

माझ्या खांद्यावरची कॉलेजची बॅग त्यांनी पाहिली, मग झाडाकडे पाहिलं. ते उठले आणि घराकडे निघाले. दुसऱ्या दिवशी उदाहरणाची जागा कोरीच ठेवून मी वही सरांना दिली.

त्या बहरात झाडाला संत्री लागली. पुढच्या वर्षी विचारायची काही गरज नव्हती, तरी संक्रांत झाल्यावर बाबांनी कुऱ्हाड काढली. मी आधीच जाऊन झाडामागे उभी राहिले.

"तोडू का तुले?" बाबांनी विचारलं. त्यांचा इतका मऊ आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी तोंड उघडलं.

"तू नोको बोलू," बाबा म्हणाले. "मी तुले नाही विचारून राहिलो."