व्हर्लिननं ग्रिल घासली

गुरुवारी आमच्या गल्लीत बातमी फुटली, की व्हर्लिन स्टकी डुकराच्या बरगड्या ग्रिलवर ठेवायच्या आधी पाण्यात उकळतो. आम्ही अमेरिकेतल्या मिझुरीची माणसं, बरगडी धुरावरच शिजवणारी. कुणी गुपचूप दुसरं लग्न केलं तर आम्ही पोटात घालू, पण उकळलेली बरगडी नाही. समोरच्या लोर्नानं त्याच्या खिडकीतून मोठं पातेलं आणि वाफ डोळ्यांनी पाहिली होती. मी लगेच कुंपण ओलांडून त्याच्या स्वयंपाकघरात मान घातली. पातेल्यात बरगड्या नव्हत्याच, ग्रिलच्या जाळ्या होत्या. पण वर जे तरंगत होतं ते पाहून वाटलं, त्यापेक्षा बरगड्या परवडल्या असत्या.

व्हर्लिनची सगळी नोकरी शाळेच्या बसगाड्यांखाली उताणं पडून गेली, त्यामुळे तेलकट मळ त्याला दिसतच नाही. त्यात बापाची शिकवण. बापाचं मांस भाजायचं लोखंडी पिंप होतं, हिकरीच्या लाकडांच्या धुरानं काळंकुळकुळीत झालेलं. त्याला पाणी लावलं की चव जाते, असं बाप मरेपर्यंत बजावत होता. पुढं लाकडं फोडून व्हर्लिनची कंबर गेली, तेव्हा लेकीनं, मार्लिसनं, त्याला विजेवरची पेलेट ग्रिल घेऊन दिली. भुशाच्या दाबलेल्या गोळ्या डब्यात ओतायच्या, आकडा लावायचा आणि खुर्चीत बसायचं. पठ्ठ्यानं नियम मात्र पिंपाचाच चालवला. घेतल्यापासून तिला फडकं लागलं नव्हतं.

मार्लिस आदल्या दिवशी, बुधवारी आली होती. रविवारी तिच्या होणाऱ्या सासरची मंडळी जेवायला यायची होती. तिनं झाकण उचललं आणि नाकाला रुमाल लावला. मी टोमॅटोला पाणी घालायचं सोंग करत होतो, तिथपर्यंत तो खवट भपका आला.

"डॅडी, हे काय आहे?"

"चव आहे ती, पोरी."

"चवीला केस आलेत!"

खोटं नव्हतं. खालच्या पत्र्यावर चरबीचा बोटभर थर, त्यावर करडी लव. बाजूला चरबी गळायला टांगलेल्या बादलीत गांधीलमाश्या बुडून मेलेल्या. पावसात भिजलेल्या गोळ्यांची डब्यात लापशी झालेली, आणि त्या लापशीत उंदरानं बिऱ्हाड थाटलेलं.

"रविवारी मी हॉटेलातून मागवते," मार्लिस म्हणाली. "तुम्ही नुसते बसा."

व्हर्लिनचा चेहरा पडला. या माणसानं आजवर दुसऱ्याच्या हातची बरगडी पाहुण्याला वाढलेली नाही. लेकीच्या सोयरिकीच्या जेवणाला त्यानं नुसतं बसायचं?

"घासतो," तो म्हणाला. बापाचं थडगं उकरायला सांगितल्यासारखा म्हणाला.

गुरुवारी घासताना त्यानं मला कचऱ्याची पिशवी धरायला लावलं. त्यानं तो थर स्वयंपाकघरातल्या डावानं खरवडला. डावानं! तेवढ्यात एक गोळा माझ्या चपलेवर पडला. चप्पल मी तिथंच कचऱ्यात टाकली आणि त्या दिवशी जेवलो नाही.

"नाजूक आहेस रे तू, अर्ल," तो म्हणाला.

"आणि तू उंदराचा घरमालक!"

रविवारी त्यानं बरगड्यांच्या मागचा पातळ पापुद्रा ओढून काढला, मसाला चोळला आणि सकाळपासून धूर दिला. पाहुणे आले. विहीणबाईंनी 'कसे आहात' म्हणायच्या आधी झाकण उचललं, वाकून आत पाहिलं, कडेवरून बोट फिरवलं आणि ते उजेडात धरलं. बोट स्वच्छ निघालं. बाईंनी एक बरगडी घेतली, मग दुसरी, मग हाडच चोखायला लागल्या. मार्लिसनं बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं.

माझ्या ताटलीतली तशीच राहिली. रंग सुरेख होता, मांस हाडावरून सुटत होतं, पण घास उचलला की ती बादली डोळ्यांपुढं यायची. मग तोंडाला दुसरं काम दिलं.

"व्हर्लिन, बापाचा नियम मोडलास की रे! तो असता तर काय म्हणाला असता?"

व्हर्लिननं माझ्या ताटलीतली बरगडी उचलून विहीणबाईंना वाढली आणि म्हणाला, "माझ्या बापाची विहीण डुकरं पाळायची. माझी दातांची डॉक्टर आहे."